दोन आसांमधलं अंतर: लाँगबोर्डचा व्हीलबेस, आपली बंडी आणि आपला ट्रॅक्टर

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, समुद्रपुरात लाँगबोर्डचं काय काम? प्रश्न रास्त आहे. हा खेळ समुद्रावरून जमिनीवर आला. लाटेवर फळी घेऊन उभं राहणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या पोरांना लाटा नसतील त्या दिवशी करमेना, म्हणून १९५० च्या दशकात त्यांनी फळीखाली चाकं ठोकली. आपल्याकडे समुद्र आहे तो फक्त गावाच्या नावात.

पण हा खेळ आता किनाऱ्याचा राहिलेला नाही, आणि मोठ्या शहरांचाही नाही. शेजारच्या मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यात जनवार नावाचं छोटं गाव आहे. तिथे २०१५ साली सिमेंटचा स्केटपार्क झाला आणि त्याच गावची आशा गोंड २०१८ मध्ये चीनमधल्या नानजिंगच्या जागतिक स्पर्धेत उतरली. पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत स्केटबोर्डिंगचं सुवर्णपदक महाराष्ट्राला मिळवून दिलं. तेव्हा उद्या आपल्या गल्लीत कुणी पोरगं फळीवर उभं दिसलं तर नवल वाटायला नको.

विषय निवडण्याचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. लाँगबोर्ड म्हणजे एक फळी, दोन आस आणि चार चाकं. इंजिन नाही, ब्रेक नाही, स्टिअरिंग नाही. त्यामुळे चाकांवर चालणाऱ्या कुठल्याही गाडीचा नियम त्यावर उघडा दिसतो. तोच नियम आपल्या ट्रॅक्टरलाही लागू आहे, आणि तिथे तो माहीत नसेल तर माणूस जिवानिशी जातो. म्हणून आपण फळीपासून सुरुवात करू आणि ट्रॅक्टरपर्यंत जाऊ.

व्हीलबेस म्हणजे काय

पुढच्या आसापासून मागच्या आसापर्यंतचं अंतर म्हणजे व्हीलबेस. शंभर सीसीच्या मोटारसायकलचा हा आकडा सव्वा मीटरच्या आसपास असतो, मध्यम ट्रॅक्टरचा सुमारे दोन मीटर, एसटी बसचा पाच-साडेपाच मीटर. रस्त्यावर उड्या-कसरती करायच्या छोट्या स्केटबोर्डचा साधारण ३६ सेंटीमीटर. लाँगबोर्डचा बहुतेक वेळा ५० ते ७५ सेंटीमीटरच्या दरम्यान.

फळीच्या बाबतीत एक गोम आहे. बोर्डाखाली आस धरून ठेवणारा जो धातूचा भाग असतो त्याला ट्रक म्हणतात. विकणारे व्हीलबेस सांगतात तो आसापासून आसापर्यंतचा नसतो. दोन ट्रकांच्या आतल्या बाजूच्या बोल्टांमधलं ते अंतर असतं. प्रत्यक्ष आस कुठे येतो हे ट्रकच्या घडणीवर ठरतं. त्यामुळे दोन बोर्डांची तुलना करायची तर दोन्हीकडे एकाच पद्धतीने मोजा. आणि फळीची लांबी म्हणजे व्हीलबेस नव्हे. पुढे-मागे लांब टोकं सोडलेली एक मीटरची फळी आणि टोकापर्यंत चाकं नेलेली एक मीटरची फळी, या दोन वेगळ्या गाड्या आहेत.

आधी बंडी बघू

बंडीला चाकं दोन आणि आस एकच. म्हणजे तिला व्हीलबेसच नाही. मग तिचा तोल कोण सांभाळतं? बैलांची मान. माल पुढे जास्त झाला तर जू मानेवर दाबतं. माल मागे गेला तर बंडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि दोरी बैलांच्या गळ्याला आवळते. म्हणून बंडी भरताना जुनी माणसं माल आसाच्या किंचित पुढे ठेवतात. कोणत्याही पुस्तकाशिवाय त्यांना भार कुठे पडतो आणि त्याचं काय होतं हे ठाऊक आहे.

आता बैल सोडा आणि त्यांच्या जागी दुसरा आस बसवा. तोल सांभाळायचं काम दोन आसांमध्ये वाटलं गेलं. भार ज्या आसाच्या जवळ, त्याच्यावर वजन जास्त. आणि दोन आस जितके लांब, तितका भार इकडेतिकडे सरकला तरी वाटणी कमी बिघडते. फळीवर तुम्ही पाच सेंटीमीटर पुढे सरकलात, तर ३६ सेंटीमीटरच्या व्हीलबेसवर तुमच्या वजनाचा जवळजवळ १४ टक्के भाग मागच्या आसावरून पुढच्यावर जातो. ७० सेंटीमीटरच्या व्हीलबेसवर हाच भाग सात टक्के होतो. आखूड बोर्ड तुमची प्रत्येक हालचाल ऐकतो. लांब बोर्ड थोडं कानाआड करतो.

वळणाचा हिशोब

लाँगबोर्डला हँडल नसतं. तुम्ही एका बाजूला झुकता, फळी झुकते, आणि ट्रकची घडण अशी असते की झुकल्याबरोबर पुढची चाकं एका दिशेने आणि मागची उलट दिशेने वळतात. ट्रॅक्टरची, बसची फक्त पुढची चाकं वळतात, बोर्डाची दोन्हीकडची. एवढं लक्षात ठेवलं की सगळ्या गाड्यांना एकच सूत्र पुरतं. दहावीच्या त्रिकोणमितीतला टॅन्जंट आठवा. पुढच्या चाकांच्या वळणकोनाचा टॅन्जंट आणि मागच्याचा टॅन्जंट यांची बेरीज करा. व्हीलबेसला त्या बेरजेने भागा. आलेलं उत्तर म्हणजे वळणाच्या वर्तुळाची त्रिज्या.

आकडे घालून बघू. समजा दोन्हीकडची चाकं दहा-दहा अंश वळली. ३६ सेंटीमीटरचा बोर्ड सुमारे एक मीटर त्रिज्येत फिरेल. ७० सेंटीमीटरच्या बोर्डाला सुमारे दोन मीटर त्रिज्या लागेल. म्हणजे तीन मीटर रुंदीच्या गल्लीत पहिला बोर्ड उलटा फिरून परत येईल, कारण त्याला दोन मीटर रुंदी पुरते. दुसऱ्याला चार मीटर हवेत. तो समोरच्या भिंतीला जाऊन टेकेल. झुकण्यात काही फरक नाही, माणूसही तोच. फरक फक्त आसांमधल्या अंतराचा. एसटीला आपल्या स्टँडवर वळायला एवढी जागा का लागते, त्याचंही उत्तर हेच आहे.

मग वाटेल, आखूडच बरा की! इथे सौद्याची दुसरी बाजू येते.

वेग वाढला की काय होतं

रस्ता कधी गुळगुळीत नसतो आणि माणसाचा घोटा कधी अगदी स्थिर नसतो. समजा ताशी ३० किलोमीटर वेगाने जाताना नकळत चाकं दोन्हीकडे फक्त एक अंश वळली. ३६ सेंटीमीटरच्या बोर्डाचं तोंड सेकंदाला सुमारे ४६ अंश या गतीने फिरू लागतं. ७० सेंटीमीटरच्या बोर्डाचं सुमारे २४ अंश. ट्रॅक्टरची पुढची चाकं त्याच वेगाला एक अंश वळली तर त्याचं तोंड सेकंदाला चार-साडेचार अंशच फिरतं.

सेकंदाला ४६ अंश म्हणजे आपल्याला कळेपर्यंत चूक मोठी झालेली असते. आपण घाबरून ती सावरायला दुसरीकडे झुकतो, पण उशिरा झुकतो, त्यामुळे जास्त झुकतो. मग पुन्हा इकडे. बोर्ड साप चालल्यासारखा डावी-उजवी करू लागतो आणि दर फेरीला झोका वाढतो. खेळणारे याला स्पीड वॉबल म्हणतात. उतारावर पडण्याचं हे मोठं कारण आहे. लांब व्हीलबेस हा झोका बंद करत नाही. तो आपल्याला सावरायला थोडा जास्त वेळ देतो.

या झोक्याला भाराची जागाही कारण असते. वजन मागच्या पायावर गेलं की मागचा ट्रक पुढच्याला ढकलत सुटतो. मागे माल भरलेली ट्रॉली वेगात कशी शेपटी हलवते, ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे लगेच कळेल. फळीही अशी उलाळ होते. म्हणून उतारावर शिकवणारे सांगतात: घाबरलात तरी मागे रेलू नका, भार पुढच्या पायावर ठेवा. भीती वाटली की अंग आपोआप मागे जातं, त्यामुळे हे सोपं नाही. ते सावकाश वेगात, सपाटीवर घोटून घ्यावं लागतं.

आपले रस्ते आणि लवचीक फळी

आपल्याकडची माती काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. तिच्यावरचे रस्ते म्हणूनच लाटा आल्यासारखे होतात. एक सेंटीमीटरचा उंचवटा पुढच्या चाकाखाली आला, तर ३६ सेंटीमीटरचा बोर्ड दीड अंशाहून जास्त वर उचलला जातो, ७० सेंटीमीटरचा त्याच्या निम्मा. लांब व्हीलबेस खडबडीत रस्त्यावर म्हणूनच सुखाचा लागतो. सोबत मोठी आणि मऊ चाकं हवीत. १९७० च्या दशकात युरेथेनची चाकं आली आणि हा खेळ बदलला. त्याआधीची कडक चाकं बारीक खड्यावरही अडकून माणसाला पुढे फेकायची.

पण लांबीची किंमत आणखी दोन ठिकाणी मोजावी लागते. एक म्हणजे फळी वाकते. दोन टेकूंवर ठेवलेली फळी मध्ये किती वाकेल हे टेकूंमधल्या अंतराच्या घनावर अवलंबून असतं. फळी तीच, माणूस तोच ठेवून व्हीलबेस ६० वरून ७० सेंटीमीटर केला, तर वाक दीडपटीहून जास्त होतो. सावकाश फिरायला हा लवचीकपणा छान वाटतो, पण वेगात तो नको असतो. फळी खालीवर झाली की पायाखालचा अंदाज चुकतो. दुसरं म्हणजे पोट घासतं. लांब आणि जमिनीलगत बसवलेली फळी गतिरोधकावर मधोमध टेकते. लांब, खालच्या गाड्यांचं पोट उंच गतिरोधकावर कसं घासतं ते आपण रोज पाहतो.

जुळणी: काय आधी, काय नंतर

बहुतेक लाँगबोर्डांना ट्रक बसवायच्या छिद्रांचे दोन-तीन संच असतात. ते उगाच नसतात. व्हीलबेस बदलायची सोय असते ती. आमचा सल्ला असा.

पहिल्यांदा पाय बघा. गुडघे किंचित वाकवून, आरामात उभे राहा आणि दोन पावलांमधलं अंतर मोजा. दोन्ही पावलं ट्रकांच्या जवळ पण आत पडतील असा व्हीलबेस निवडा. पावलं ट्रकांपासून फार आत राहिली तर तुम्ही झुकता एकीकडे आणि फळी पिळवटून मग ट्रकला सांगते. उत्तर उशिरा येतं.

मग जागा बघा. शाळेच्या सिमेंटच्या पटांगणात, अरुंद जागेत फिरायचं असेल तर आतली छिद्रं. लांब सरळ रस्त्यावर पाय मारत जायचं असेल तर बाहेरची. नव्याने शिकणाऱ्याला ६० ते ७० सेंटीमीटरच्या दरम्यान बरं पडतं.

त्यानंतर ट्रकचा कोन. पन्नास अंशाचा ट्रक तेवढ्याच झुकण्यात जास्त वळतो, चाळीस अंशाचा कमी. दहा अंश झुकलात तर पन्नासवाल्याची चाकं पावणेबारा अंशांच्या आसपास वळतात, चाळीसवाल्याची आठ-साडेआठ. म्हणजे लांब व्हीलबेसमुळे वळण मंद झालं असेल तर जास्त कोनाच्या ट्रकने ते थोडं परत मिळवता येतं.

आता एक गंमत. पूर्वी उतारावर वेगाने जायचं म्हणजे लांबच बोर्ड, अशी समजूत होती. आता अनेक उतारस्वार ५०-५५ सेंटीमीटरच्या आखूड व्हीलबेसवर जातात. हे जमतं कसं? ते मागचा ट्रक खूप कमी कोनाचा घेतात. आपलं सूत्र आठवा: पुढचा टॅन्जंट अधिक मागचा टॅन्जंट. मागचा जवळजवळ शून्य केला की बोर्ड ट्रॅक्टरसारखा फक्त पुढून वळतो. वळणाची त्रिज्या दुपटीच्या जवळ जाते, आणि मागून ढकलणारा झोका मंदावतो. व्हीलबेस न वाढवता त्यांनी लांब व्हीलबेसचा शांतपणा विकत घेतला. म्हणून एकटा व्हीलबेसचा आकडा बघून बोर्ड चांगला की वाईट ठरवू नका. तो बाकीच्या जुळणीसोबतच बोलतो.

शेवटी बुशिंग, म्हणजे ट्रकमधले रबरासारखे गोल तुकडे. वजनदार माणसाला कडक, हलक्याला मऊ. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. छिद्रंही बदलली, बुशिंगही बदललं, तर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही.

आता ट्रॅक्टर

इथवर पडलो तर गुडघे फुटणार होते. ट्रॅक्टरला तेवढ्यावर भागत नाही.

ट्रॅक्टरचं बरंचसं वजन मागच्या आसावर असतं आणि पुढची चाकं हलकी असतात. हिशोबासाठी धरू, दोन हजार किलोचा ट्रॅक्टर, पुढच्या चाकांवर ७०० किलो, व्हीलबेस दोन मीटर. मागे ओढ बसली की ती पुढची चाकं उचलायला बघते. किती? ओढ गुणिले जमिनीपासून हुकची उंची, भागिले व्हीलबेस. हुक अर्ध्या मीटरवर असेल तर पुढची चाकं उचलायला २८०० किलोची ओढ लागेल. एवढी ओढ येण्याआधी मागची चाकं घसरतील, म्हणजे आपण वाचलो. पण साखळी वरच्या बाजूला, एक मीटर उंचीवर अडकवली तर १४०० किलो पुरतात. कोरड्या, घट्ट जमिनीवर एवढी ओढ बसू शकते. चढ असेल तर आणखी कमी. झाडाचं खोड ओढताना, रुतलेली गाडी काढताना ट्रॅक्टर मागे उलथतो तो असा. हे सेकंद-दीड सेकंदात होतं. क्लचवर पाय जाईपर्यंत वेळ गेलेली असते.

कापसाची ट्रॉली हिंगणघाटला नेतानाही हेच गणित सोबत असतं. दोनचाकी ट्रॉलीत माल पुढे दाटला तर हुकवर दाब येतो. हुक मागच्या आसाच्या ६० सेंटीमीटर मागे असेल आणि त्यावर ५०० किलो आले, तर पुढची चाकं दीडशे किलोने हलकी होतात. माल मागे दाटला तर ट्रॉली उलाळ होऊन ट्रॅक्टरची मागची चाकं उचलते, पकड जाते, आणि उतारावर ब्रेक लागत नाही. स्टिअरिंग अचानक हलकं लागलं तर खूश होऊ नका. पुढची चाकं जमीन सोडू बघताहेत, एवढाच त्याचा अर्थ.

तेव्हा ओढायचं ते कायम खालच्या हुकला. पुढे वजनं लावायची सोय असेल तर लावा. ती शोभेची नाहीत. आणि चाकं चिखलात रुतली तर चाकाला लाकूड बांधून पुढे काढायचा प्रयत्न कधीही करू नका. चाक अडलं की इंजिनचा जोर चाकाऐवजी ट्रॅक्टरच्या धडाला फिरवतो, आणि धड फिरतं ते मागे, तुमच्या अंगावर. उलट्या गियरमध्ये मागे काढा, किंवा दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून घ्या.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*घरी फळी बनवता येईल का?*
फळी येईल, ट्रक आणि चाकं विकतच घ्या. दोन-तीन संचांची छिद्रं पाडा, म्हणजे व्हीलबेस बदलून बघता येईल. दोन्ही ट्रक एका रेषेत हवेत. त्यासाठी पुढच्या डाव्या छिद्रापासून मागच्या उजव्यापर्यंत आणि पुढच्या उजव्यापासून मागच्या डाव्यापर्यंत मोजा. दोन्ही कर्ण सारखे आले पाहिजेत. मग व्हीलबेसएवढ्या अंतरावर दोन विटा ठेवून त्यावर फळी टेकवा आणि घरातल्या सर्वांत वजनदार माणसाला मध्ये उभं करा. आवाज आला तर ती फळी खेळात नको.

*जामच्या हायवेवर रस्ता गुळगुळीत आहे, तिथे चालवलं तर?*
नाही. नागपूर-हैदराबाद महामार्गावर ट्रक भरधाव असतात आणि तुमच्या फळीला ब्रेक नाही. गिरडच्या टेकडीकडच्या वाहत्या रस्त्यालाही हेच लागू. बंद पटांगण, डोक्यावर हेल्मेट, आणि आधी पाय घासून थांबायला शिका. वळणं त्यानंतर.

*ट्रॅक्टर नवीन घेताना व्हीलबेस बघायचा का?*
बघा, पण आधी तुमचं वावर बघा. बांधावर वळायला जागा कमी आणि तुकडे लहान असतील तर आखूड ट्रॅक्टर सोयीचा, पण मागे जड अवजार लावताना पुढची वजनं विसरून चालणार नाही. मोठं, सलग रान आणि ट्रॉलीची कामं जास्त असतील तर लांब व्हीलबेस बरा. फळीपुढे जो प्रश्न होता तोच इथे आहे: वळायला जागा किती, वेग किती, आणि भार कुठे पडणार.